उद्दिष्टनिश्चितीतील सहभाग आणि कामाची प्रेरणा

कोणत्याही कारखान्यात वा कचेरीत दिवसाकाठी किती काम व्हावे हे कोण ठरविते, असा प्रश्न विचारला तर 'व्यवस्थापक' असे उत्तर सहज मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. व्यवस्थापकाने ठरविलेला आकडा फलकावर लिहिला जातो. परंतु त्याच छपराखाली आणखी एक आकडा नांदत असतो. तो कोठेही लिहिलेला नसतो, त्याच्यासाठी कोणी सभा भरविलेली नसते, आणि तरीही कामावर नव्याने आलेल्या माणसाला तो आठवड्याभरात कळतो. जो माणूस त्याच्या पुढे जातो त्याला सोबती टोमणे मारतात; जो फार मागे राहतो त्याला तेच सोबती सांभाळूनही घेतात. कर्मचाऱ्यांना उद्दिष्ट ठरविण्यात सहभागी करून घेतले म्हणजे त्यांची कामाची प्रेरणा वाढते, हा विचार आज व्यवस्थापनशास्त्रात इतका रूढ झाला आहे, की त्यामागील पुराव्याची चौकशी करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. तो पुरावा काय आहे, कोणत्या परिस्थितीत तो लागू पडतो व कोठे पडत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो करताना वर उल्लेखिलेला दुसरा, अलिखित आकडा सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागेल. कारण सहभागाचे बहुतेक यशापयश त्याच्याशीच निगडित आहे, असे आम्हांस वाटते.

या अलिखित आकड्याचा एक पद्धतशीर अभ्यास शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात झाला. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात तेथील चौदा कामगारांना एका स्वतंत्र खोलीत बसवून त्यांच्या नेहमीच्या कामाचे निरीक्षण करण्यात आले. टेलिफोन केंद्रासाठी लागणाऱ्या उपकरणांना तारा जोडण्याचे व डाग देण्याचे ते काम होते. मजुरीची पद्धत अशी होती, की गटाचे एकूण उत्पादन वाढले तर प्रत्येकाच्या पदरात अधिक पैसे पडावेत. असे असूनही दिवसाला सुमारे दोन उपकरणे पुरी झाली म्हणजे पुरे, असा या मंडळींचा आपसांतील दंडक होता. फार वेगाने काम करणाऱ्याच्या दंडावर सोबती गुद्दा मारीत, आणि ज्याला तो बसे त्यालाही त्याचा अर्थ कळे. कारण विचारता कामगार सांगत, की उत्पादन वाढले तर दर उतरतील, किंवा अपेक्षित कामाचा आकडा वर चढेल, किंवा काहींना घरी बसावे लागेल. अभ्यासकांना ही भीती तर्कास सोडून वाटली, कारण त्या खोलीत तसे काही घडलेले नव्हते. आमच्या मते येथे अभ्यासकांची दृष्टी थोडी तोकडी पडली. ज्या वर्षी हे निरीक्षण चालू होते ते महामंदीचे वर्ष होते. कारखान्यातील माणसे कमी होत होती, आणि कामगार आपले अनुमान त्या खोलीपुरते नव्हे तर त्या खोलीबाहेरच्या जगाकडे पाहून काढीत होते.

मुंबईच्या वाचकास ही भीती समजावून सांगण्याची गरज नसावी. १९२८ साली येथील कापडगिरण्यांतील कामगारांनी सुमारे सहा महिने जो सार्वत्रिक संप केला, त्याच्या मुळाशी मजुरीच्या प्रश्नाबरोबर 'कार्यक्षमता-योजना' हा विषयही होता. दोन सांच्यांऐवजी तीन सांचे चालवावेत, सूत कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी ती योजना होती. काम वाढविण्याच्या प्रत्येक प्रस्तावामागे माणसे कमी करण्याचा हिशेब असतो, हे गिरणगावाने पुस्तकातून शिकलेले नव्हते.

उद्दिष्टनिश्चितीतील सहभागाचा शास्त्रीय इतिहास मात्र अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ भागातील मॅरियन या लहान गावी सुरू होतो. तेथे हारवुड कंपनीचा रात्रपोशाख शिवण्याचा कारखाना होता. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो हे स्वतः मानसशास्त्राचे पदवीधर होते, आणि त्यांनी १९३९ मध्ये कुर्ट लेविन यांना सल्ल्यासाठी बोलाविले. लेविन हे जर्मनीत नावारूपास आलेले मानसशास्त्रज्ञ होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे ते अमेरिकेत आले होते. व्यक्तीचे वर्तन बदलावयाचे असेल तर तिला एकटीला उपदेश करण्यापेक्षा ती ज्या गटात वावरते त्या गटाने निर्णय घेणे अधिक परिणामकारक ठरते, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. त्यांचे शिष्य ॲलेक्स बाव्हेलास यांनी हारवुडमध्ये लहान लहान गटांच्या बैठका घेतल्या. ज्या गटांनी चर्चेअंती स्वतःच्या उत्पादनाचे उद्दिष्ट ठरविले त्यांचे उत्पादन वाढले. ज्या गटांशी तशीच मोकळी चर्चा झाली पण निर्णय मात्र झाला नाही, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. चर्चा आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले' एवढ्याने दुसरीचे फळ पहिलीला लागत नाही.

लेविन यांचे फेब्रुवारी १९४७ मध्ये निधन झाले. त्यानंतर लेस्टर कॉक व जॉन फ्रेंच या दोघांनी त्याच कारखान्यात केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो या विषयातील सर्वांत अधिक उल्लेखिलेला प्रयोग ठरला. त्याची हकीकत थोड्या विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण उल्लेख पुष्कळांनी केला असला तरी तपशील फार थोड्यांच्या ध्यानात असतो.

हारवुडमध्ये सुमारे पाचशे स्त्रिया व शंभर पुरुष काम करीत. बहुतेक स्त्रिया भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या, सरासरी तेवीस वर्षे वयाच्या व आठ इयत्ता शिकलेल्या होत्या. मजुरी नगावारी होती. कालमापन करून प्रत्येक कामाचे मोल 'एककां'त ठरविले जाई. एक एकक म्हणजे एका मिनिटाचे प्रमाणित काम. तासाला ६० एकके ही मानक कार्यक्षमता. एखाद्या कामाचे मोल डझनाला दहा एकके असेल, तर तासाला सहा डझन नग करणारी कामगार मानकास पोचली असे समजत. अडचण उद्भवे ती काम बदलले म्हणजे. बाजाराच्या मागणीप्रमाणे पोशाखाची तऱ्हा बदलावी लागे, आणि काम बदललेल्या स्त्रियांपैकी केवळ ३८ टक्के पुन्हा ६० एककांपर्यंत पोचत. उरलेल्या ६२ टक्के कायमच्या मागे पडत किंवा नोकरी सोडून जात. हस्तकौशल्याचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. कारण जुन्या कामगार स्त्रियांना नवे काम शिकण्यास पुष्कळदा नवशिक्यांहूनही अधिक वेळ लागे. अडथळा हातांत नसून मनात होता.

प्रयोगासाठी चार गट घेतले. पहिला गट इस्त्री करणाऱ्या अठरा जणींचा होता. त्या अर्धा डझन कपडे एका सपाट पुठ्ठ्यावर रचून ठेवीत. आता ते खोक्यात रचावयाचे होते. त्यांना कारखान्याच्या नेहमीच्या रीतीने, म्हणजे अधिकाऱ्याने बोलावून, बदल व नवा दर समजावून सांगितला आणि प्रश्नांची उत्तरे दिली. दुसरा गट घड्या घालणाऱ्या तेरा जणींचा. त्यांनी आपल्या प्रतिनिधी निवडल्या आणि त्या प्रतिनिधींनी नव्या कामाची आखणी करण्यात भाग घेतला. तिसरा व चौथा गट तयार कपडे तपासणाऱ्या अनुक्रमे आठ व सात जणींचा. त्यांतील प्रत्येकीने त्या आखणीत प्रत्यक्ष भाग घेतला. बैठकीच्या आरंभी या स्त्रियांपुढे दोन पोशाख ठेवण्यात आले. दोन्ही त्याच कारखान्यात तयार झालेले, परंतु एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. स्वस्त कोणता, हे ओळखण्यास सांगितले असता कोणासही ते ओळखता आले नाही. खर्च का कमी करावा लागत आहे याचे कारण असे डोळ्यांनी दिसल्यावर कामातील अनावश्यक भाग काढून टाकण्याविषयी सूचना मागविल्या. तेव्हा लहान गटांत सूचनांचा एवढा ओघ सुरू झाला, की टिपणे घेणाऱ्या लघुलेखिकेची तारांबळ उडाली. नव्या पद्धतीचे शिक्षण प्रथम कोणी घ्यावे, आणि कोणाच्या कामाचे मोजमाप करून नवा दर ठरवावा, हेही या पद्धतीत त्यांच्यासमोर व त्यांच्या संमतीने ठरले. त्यांच्या बोलण्यात 'आमचे काम', 'आमचा दर' असे शब्द येऊ लागल्याची नोंद प्रयोगकर्त्यांनी केली आहे.

परिणाम पाहावा. पहिल्या गटाचे उत्पादन घसरून ५० एककांच्या आसपास थबकले. पद्धती-तज्ज्ञाशी खटके उडाले, दराविरुद्ध गाऱ्हाणी दाखल झाली, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के स्त्रियांनी नोकरी सोडली. गंमतीची गोष्ट अशी, की गाऱ्हाण्यावरून दर तपासून पाहिला तेव्हा तो कडक नसून उलट किंचित सैल असल्याचे आढळले. प्रतिनिधी निवडणारा गट चौदा दिवसांत ६१ एककांवर पोचला. सर्वांनी भाग घेतलेले दोन्ही गट दुसऱ्याच दिवशी पूर्वपदावर आले, आणि पुढे पूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. या तिन्ही गटांतील एकीनेही त्या चाळीस दिवसांत नोकरी सोडली नाही. प्रयोगकर्ते एवढ्यावर थांबले नाहीत. अडीच महिन्यांनी पहिल्या गटातील उरलेल्या तेरा जणींना पुन्हा एकत्र आणून त्यांना आणखी एका नव्या कामावर घेतले, या वेळी पूर्ण सहभागाने. आणि त्यांचेही उत्पादन झपाट्याने वर चढले. म्हणजे दोष माणसांचा नव्हता, हे त्याच माणसांनी दाखविले.

परंतु या शोधनिबंधातील आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी नोंद निराळीच आहे. पहिल्या गटातील इस्त्री करणारी एक स्त्री हळूहळू ५६ एककांपर्यंत पोचली. गटाचा अलिखित आकडा पन्नासाच्या जवळपास होता. सोबतिणींनी तिला धारेवर धरले, आणि तिचे काम उतरत उतरत ४८ वर आले. पुढे तो गट मोडला, सोबतिणी इतर कामांवर पांगल्या आणि ती एकटी उरली. तेव्हा तिचे उत्पादन चार दिवसांच्या सरासरीने ८३, आणि त्यानंतर ९२ एककांवर गेले व तेथेच स्थिरावले. तीच स्त्री, तेच काम, तोच दर. तिच्या ठिकाणी 'प्रेरणा' नव्हती, असे म्हणता येईल काय? तिने सोबतिणींशी असलेले नाते राखण्यासाठी आपली जवळजवळ निम्मी ताकद आवरून धरली होती. ज्या गटाला व्यवस्थापनाने उद्दिष्ट ठरविण्यात भाग दिला नव्हता, त्या गटाने उद्दिष्ट ठरविलेच होते. फक्त ते व्यवस्थापनाविरुद्ध ठरविले होते. सहभागाने नवी शक्ती निर्माण होते असे समजण्याऐवजी, जी शक्ती गट एरवी स्वसंरक्षणात खर्च करतो ती मोकळी होते, असे समजणे या पुराव्याशी अधिक जुळते.

या प्रयोगावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. चारही गटांची कामे भिन्न होती, संख्या लहान होत्या, आणि सहभागी गटांना अधिक चांगले शिक्षण व अधिक माहितीही मिळाली होती. यांपैकी नेमके कशाचे फळ किती, हे वेगळे करून सांगता येत नाही. शिवाय एका डोंगरी गावातल्या तरुण मुलींवरून जगातील सर्व कामगारांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होते. फ्रेंच यांनाही याची जाणीव असावी. कारण त्यांनी इस्राएल व ओस या सहकाऱ्यांसह नॉर्वेतील पादत्राणांच्या एका कारखान्यात तसाच प्रयोग करून १९६० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथे चार-चार कामगारांच्या गटांना कामाची वाटणी, शिक्षणाचा कालावधी अशा बाबींत निर्णय करू दिले. उत्पादनात काहीच फरक पडला नाही. जे कामगार या सहभागाला रास्त व उचित मानीत होते त्यांचे समाधान मात्र वाढले. उत्पादन का वाढले नाही, याची दोन कारणे प्रयोगकर्त्यांनी पुढे केली. ज्या बाबी गटांच्या स्वाधीन केल्या त्यांचा उत्पादनाशी थेट संबंध नव्हता. आणि नॉर्वेत संघटित कामगारचळवळीची परंपरा दृढ असल्यामुळे, आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्या संघाचा आहे असे कामगारांना वाटत होते. यांत आणखी एका गोष्टीची भर घातली पाहिजे: दर कापले जातील या भीतीपोटी उत्पादन आवरून धरण्याचा दंडक तेथेही होता. अलिखित आकड्याला हात न लावता भोवतालच्या किरकोळ गोष्टींत मत विचारले तर माणूस खूश होईल. आकडा जागचा हलणार नाही.

यानंतर संशोधनाचा ओघ निराळ्या दिशेने वळला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले, की प्रेरणेचा मुख्य स्रोत सहभाग हा नसून उद्दिष्ट हाच आहे. 'शक्य तेवढे चांगले काम करा' असे सांगण्यापेक्षा निश्चित व कठीण उद्दिष्ट समोर ठेवले, आणि माणसाने ते मनापासून स्वीकारले, तर काम अधिक होते. हे उद्दिष्ट कोणी ठरविले हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण होता. गॅरी लेथम यांनी या मताची पडताळणी प्रयोगशाळेबाहेर, अमेरिकेच्या जंगलांत केली. ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहून नेणारे ट्रक कायद्याने अनुमत वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरले जात. जास्त भरल्यास दंड होई, आणि झाडांचे आकारमान भिन्न असल्यामुळे अंदाज चुके. लेथम व बाल्डेस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालकांपुढे ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. हे उद्दिष्ट चालकांनी ठरविलेले नव्हते, ते त्यांना दिलेले होते. ते गाठल्यास बक्षीस नाही आणि न गाठल्यास शिक्षाही नाही, असे स्पष्ट सांगितले. पहिल्या महिन्यात भार ८० टक्क्यांपर्यंत गेला. दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा खाली आला. तदनंतर ९० टक्क्यांच्या वर जाऊन तेथेच टिकला.

मधल्या त्या घसरणीचा जो उलगडा झाला तो फार उद्बोधक आहे. शिक्षा होणार नाही हे व्यवस्थापनाचे वचन खरे आहे की नाही, हे चालक पारखून पाहत होते. त्यांनी बुद्ध्याच भार कमी केला, आणि कोणी जाब विचारीत नाही हे पाहिल्यावर पुन्हा वाढविला. पुढे तर अंदाज अचूक यावा म्हणून ट्रकमध्ये लहानसहान फेरबदल त्यांनी स्वतःहून सुचविले. लॉक यांचे अनुयायी या अभ्यासाकडे 'सहभागाविना यश' म्हणून बोट दाखवितात. आम्हांस तो तसा दिसत नाही. उद्दिष्टाच्या अटी खऱ्या आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार चालकांनी स्वतःकडे घेतला, आणि व्यवस्थापनाने तो निमूटपणे मान्य केला. हाही एक प्रकारचा सहभागच होय, जरी तो कोणत्याही बैठकीच्या वृत्तांतात नोंदलेला नसला तरी.

लेथम यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, युक्ल यांच्यासमवेत केलेल्या व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, लाकूडतोड्यांच्या टोळ्यांची तुलना होती. अल्पशिक्षित टोळ्यांत सहभागाने ठरविलेली उद्दिष्टे अधिक फलदायी ठरली. सुशिक्षित टोळ्यांत तसा फरक आढळला नाही. अल्पशिक्षित टोळ्यांनी स्वतः ठरविलेली उद्दिष्टे वरून दिलेल्या उद्दिष्टांपेक्षा अधिक कठीण होती, ही यातील मौजेची बाब. 'माणसाला स्वतःचे उद्दिष्ट ठरवू दिले तर तो सोपेच ठरवील' ही शंका ज्या वरिष्ठांच्या मनात असते त्यांनी ही नोंद जरूर पाहावी.

इस्राएलमधील संशोधक मिरियम एरेझ यांच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र लेथम यांच्या उलट येत. त्यांच्या प्रयोगांत सहभागाने ठरविलेली उद्दिष्टे, दिलेल्या उद्दिष्टांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरत. विद्वानांत असा मतभेद झाला म्हणजे सामान्यतः उत्तर-प्रत्युत्तरांची निबंधमालिका सुरू होते आणि ती एका पक्षाच्या निवृत्तीपर्यंत चालते. येथे तसे झाले नाही. एरेझ व लेथम या प्रतिपक्षांनी लॉक यांना मध्यस्थ नेमून चार प्रयोगांची आखणी एकत्र केली, आणि १९८८ मध्ये तिघांच्या नावे एकच निबंध प्रसिद्ध केला. मतभेदाचे मूळ सापडले ते अगदी साध्या ठिकाणी. लेथम यांच्या प्रयोगांत उद्दिष्ट 'देताना' त्यामागील कारण सांगितले जात असे, आणि ते गाठण्याच्या तुमच्या क्षमतेविषयी विश्वास दर्शविला जात असे. एरेझ यांच्या प्रयोगांत ते तुटकपणे, दोन शब्दांत सांगितले जाई. तुटकपणे दिलेले उद्दिष्ट सर्वांत कमी फळ देते. कारणासह दिलेले उद्दिष्ट सहभागाने ठरविलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ बरोबरीने जाते, असे निष्पन्न झाले. हारवुडमधील ते दोन पोशाख येथे वाचकांना आठवतील.

हा निष्कर्ष व्यवस्थापकांच्या सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. हे प्रयोग बहुतांशी विद्यार्थ्यांवर, थोड्या वेळाच्या कामावर झाले. त्यांत कोणाची नोकरी जाणार नव्हती, कोणाचा दर कापला जाणार नव्हता. जेथे अलिखित आकडा तयार होण्यास अवसरच नाही, तेथे कारण सांगणे पुरेसे ठरले तर नवल नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कारखान्यात सांगितलेले कारण पुढील वर्षी खोटे ठरू शकते, आणि एकदा खोटे ठरले म्हणजे दुसऱ्यांदा सांगून उपयोग होत नाही.

या सर्व संशोधनाच्या बरोबरीने, किंबहुना त्याची फारशी दखल न घेता, व्यवहारात एक निराळा प्रवाह चालू होता. पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापन करण्याची कल्पना मांडली. तिच्या जोडीला त्यांनी 'आत्मनियंत्रण' हा शब्द घातला होता: उद्दिष्ट माहीत असलेल्या माणसाला त्याच्या कामाची मोजमापे थेट मिळावीत, म्हणजे त्याने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावे. पुढील दोन दशकांत ही कल्पना जगभर पसरली, आणि पसरता पसरता तिच्यातील दुसरा शब्द गळून पडला. उरला तो वार्षिक तक्ता. वरिष्ठाच्या खिशात आकडा आधीच असतो. कनिष्ठाने तो 'स्वतःहून' उच्चारावा एवढीच अपेक्षा असते, आणि सही केल्यावर तोच आकडा वर्षअखेरीस पगारवाढीच्या वेळी त्याच्यापुढे ठेवला जातो. ही उद्दिष्टे नेमकी कोणाची, असा रोखठोक प्रश्न हॅरी लेव्हिन्सन यांनी १९७० मध्येच विचारला होता. अशा व्यवस्थेत शहाणा कर्मचारी काय करतो? तो आपल्याला जमेल त्यापेक्षा कमी आकडा सांगतो, वरिष्ठ तो वाढवितो, आणि दोघेही या सौद्याला सहभाग म्हणतात. आपल्या बँकांत, विमा-कचेऱ्यांत व विक्रीखात्यांत 'टार्गेट' या शब्दाला जी काहीशी दहशतीची छटा प्राप्त झाली आहे ती अकारण नव्हे.

आपल्या देशात झालेला एक प्रयोग या संदर्भात विशेष मननीय आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस हे गौतम साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. १९५३ मध्ये तेथील स्वयंचलित मागांच्या खात्यात त्यांना असे दिसले, की यंत्रे नवी असूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे होत नव्हते व कापडात दोषही पुष्कळ राहत होते. २२४ मागांवर २९ माणसे काम करीत आणि त्यांच्यात बारा प्रकारची कामे वाटलेली होती. कोणी फक्त धागा सांधावयाचा, कोणी फक्त कांड्या भरावयाच्या, कोणी फक्त तेल घालावयाचे. प्रत्येकाचा कार्यभार कालमापनाने वेगळा काढलेला असल्यामुळे एकाचे माग दुसऱ्याच्या मागांशी जुळत नसत, आणि कोणताही ठरावीक माणूस कोणत्याही ठरावीक मागांना 'आपले' म्हणू शकत नसे. राइस यांनी एवढेच सुचविले, की मागांच्या एका तुकडीची सर्व जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी. चौसष्ट मागांमागे सात जण, अशी रचना निघाली. ती कल्पना कामगारांनी व जॉबरांनी तत्काळ उचलली, आणि कोणी कोणाबरोबर काम करावे हे त्यांनी स्वतःच ठरविले. त्यासाठी वरून याद्या काढाव्या लागल्या नाहीत. आरंभीची अडचण ओसरल्यावर खात्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. उत्पादनाचा आकडा येथे कोणी चर्चेस ठेवला नव्हता. गटाला 'आपले' म्हणता येतील असे माग मिळाले, आणि आकडा त्यांच्यामागून आला.

राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० मध्ये त्या गिरणीत जाऊन पुन्हा पाहणी केली. काही ठिकाणी गटपद्धती जवळजवळ मूळ स्वरूपात टिकली होती. काही ठिकाणी ती ढासळून कामाची जुनी विभागणी परत आली होती. बाजारातील मागणी बदलली, कापडाच्या जाती वाढल्या, वरचे अधिकारी बदलले, आणि गटांच्या हाती दिलेले अधिकार कोणी जाहीरपणे काढून न घेताही हळूहळू निसटले. (पुढे ती गिरणीच बंद पडली, परंतु तो इतिहास निराळा.) सहभाग ही एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू असती तर सतरा वर्षांत एकाच आवारात असे दोन भिन्न शेवट दिसले नसते.

कॅलिकोतील या खात्याकडून देशाच्या श्रमधोरणाकडे वळले असता चित्र पालटते. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी मालक व कामगार यांच्या संयुक्त कार्यसमित्यांची तरतूद केली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम राहिली आहे. या समित्यांनी नेमके करावयाचे काय, याविषयी घोळ होऊ लागल्यामुळे १९५९ च्या सुमारास भारतीय श्रमपरिषदेच्या विचारविनिमयातून विषयांच्या दोन याद्या निघाल्या. समितीने हाताळावयाच्या यादीत उजेड, वायुवीजन, पिण्याचे पाणी, उपाहारगृह, सुरक्षितता, सण-सुट्यांची जुळणी अशा बाबी आल्या. हाताळू नयेत अशा यादीत वेतन व बोनस यांच्या जोडीने सुयोजन, कार्यभाराची निश्चिती आणि प्रमाणित मनुष्यबळ हे विषय घातले गेले. मॅरियनच्या त्या सात-आठ जणींपुढे जे मांडले होते ते हेच: काम किती, कोणत्या पद्धतीने, कोणत्या दराने.

ही यादी करण्यात केवळ मालकांचाच हात होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्यभार व वेतन हे वाटाघाटीचे, म्हणजे कामगारसंघाचे क्षेत्र. ते समितीकडे गेले तर संघ दुबळा होईल, ही भीती संघांनाही होती, आणि १९२८ चा अनुभव पाहता ती निराधार म्हणता येत नाही. नॉर्वेतील कामगारांनीही आपल्या परीने हेच सांगितले होते. तेव्हा ज्या संस्थेत मान्यताप्राप्त संघ आहे तेथे उद्दिष्टनिश्चितीचा प्रस्ताव संघाला वगळून थेट गटापुढे नेणे म्हणजे अलिखित आकडा अधिक पक्का करण्याची तजवीज होय. प्रथम संघाशी दोन गोष्टींचा लेखी करार व्हावा लागेल: वाढलेल्या उत्पादनामुळे ठरावीक मुदतीत दर उतरणार नाहीत, आणि त्यामुळे कोणास कामावरून कमी केले जाणार नाही. त्यानंतर खात्याच्या पातळीवर, सात-आठ किंवा दहा-बारा माणसांत, कामाचे जुने मोजमाप व खर्चाचे खरे आकडे उघडे ठेवून बसता येईल. ते आकडे उघडे करण्याची तयारी किती व्यवस्थापनांची आहे, हा प्रश्न मात्र मानसशास्त्राच्या कक्षेत येत नाही.